असू दे, असू दे

साठी उलटली की रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळेल, एवढी एकच आशा मी म्हातारपणाकडून ठेवली होती. ती सवलत 2020 साली बंद झाली. तिच्याऐवजी पदरात पडलं ते भलतंच. लोक माझ्या पाया पडू लागले. मुंजीत, बारशाला, दिवाळीच्या पाडव्याला कोणी ना कोणी वाकतं आणि मी पाय मागे घेत पुटपुटतो, "असू दे, असू दे."

काय असू दे? कोणी विचारत नाही म्हणून निभावतं. आमची आई असलं काही करत नसे. वाकलेल्या डोक्यावर हात टेकवून ती माणसागणिक वेगळं बोले. पोराला 'औक्षवंत हो', नव्या नवरीला 'अखंड सौभाग्यवती भव', आणि मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माझ्या चुलतभावाला नुसतंच 'शहाणा हो'. माझ्या पिढीच्या मराठी पुरुषाला मात्र आशीर्वाद देताना, चारचौघांत बायकोचं कौतुक करावं लागल्यासारखी लाज वाटते.

भाषेचीही थोडी अडचण आहेच. संस्कृतात आशीर्वादाला क्रियापदाचं एक राखीव रूप आहे, आशीर्लिङ् नावाचं. नुसतं 'भूयात्' म्हटलं की हा आशीर्वाद हे व्याकरणाने ठरलं. मराठीने तो खर्च वाचवला आणि सगळं काम आज्ञार्थावर भागवलं. त्यामुळे 'सुखी राहा' आणि 'रांगेत उभा राहा' यांत फरक राहिला तो फक्त आवाजाचा. आईकडे तो आवाज होता. मी आयुष्यभर हिशेबखात्यात कारकुनी केली. मी 'सुखी राहा' म्हटलं की मेमो दिल्यासारखं वाटतं.

तर गेल्या वर्षी भाचा अमेरिकेला निघाला तेव्हा ठरवलं, या वेळी नीट काहीतरी म्हणायचं. आमचं घर हैदराबादेत, कोठी भागात. आशीर्वाद शिकायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, कोणाची कोठी? जुन्या रेसिडेन्सीची. जेम्स किर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधायला घेतली. पुढे तिथे मुलींचं कॉलेज आलं आणि बसचे कंडक्टर आजही 'विमेन्स कॉलेज' असंच ओरडतात. किर्कपॅट्रिकने इथल्या खैरुन्निसा बेगमशी लग्न केलं. त्यांची दोन मुलं, साहिब आलम आणि साहिब बेगम, 1805 मध्ये जहाजाने विलायतेला पाठवली. एक चार वर्षांचा, दुसरी तीन वर्षांची. लंडनमध्ये बाप्तिस्मा होऊन ती विल्यम आणि कॅथरीन झाली. आईची भेट पुन्हा झाली नाही. पस्तीसेक वर्षांनी या कॅथरीनला कळलं की हैदराबादेत आपली आजी अजून आहे. मग पत्रं सुरू झाली. नात इंग्रजीत लिही, आजी फारसीत. म्हणजे आजीचा आशीर्वाद नातीला मिळायचा तो तर्जुमा होऊन. पत्रं गेली आली. दोघी भेटल्या नाहीत. कॉलेजवरून जाताना मला हे आठवतं आणि पुढच्या वळणापर्यंत कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

वळणावर मात्र बोलावंच लागतं, कारण तिथे फुलंवाली बसते. गजरा घेऊन सुटे पैसे परत मागितले नाहीत की ती म्हणते, "चल्लगा उंडु नायना." तेलुगूत 'चल्लगा' म्हणजे थंड, गार. गार राहा बाबा! आमच्याकडे हे कोणाला म्हणून पाहा. 'थंड' हा शब्द मराठीत कामचुकारासाठी आणि पडलेल्या धंद्यासाठी. पण मे महिन्यात सुलतान बाजारात कपडे घेत दोन तास हिंडलं की तेलुगू माणसाचं म्हणणं पटतं. ज्याला जे कमी, ते तो दुसऱ्याला चिंततो. विलायतेत ऊन कमी, म्हणून त्यांच्या शुभेच्छा उबदार. (त्यांच्या 'ब्लेस' शब्दाचं मूळ रक्तात आहे, वेदीवर रक्त शिंपडून पवित्र करण्यात, असं कोशकार सांगतात. ते वाचल्यापासून शिंक आल्यावर कोणी 'ब्लेस यू' म्हटलं की मी जरा सरकून बसतो.)

लहानपणी परभणीकडून ज्वारीची पोती यायची. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे, मग दोन, तीन. तेलुगू माणूसही पहिल्या मापाला 'लाभं'च म्हणतो. बेगम बाजारात मुसलमान तोलणाऱ्याच्या तोंडी त्याच आकड्याचं नाव 'बरकत'. शाळेत मास्तरांनी मला मोजायला सांगितलं तेव्हा मी लाभ, दोन, तीन म्हणालो आणि एक छडी खाल्ली. छडीला मात्र मास्तर 'एक'च म्हणाले. मला विचाराल तर सगळ्या धर्मांच्या आशीर्वादांत हा पहिल्या मापाचा आशीर्वाद मला सर्वांत आवडतो. घेणाऱ्याला वाकावं लागत नाही, देणाऱ्याला लाज वाटत नाही आणि हिशेबही चुकत नाही. आता वजनाचा काटा आकडे दाखवतो. तो शून्यापासून सुरू होतो.

आशीर्वाद फळतात का, हा प्रश्न उरतो. कोठीच्या बसथांब्यावर संध्याकाळी सहाला उभं राहून तो विचारू नये. 1591 मध्ये हे शहर वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दक्खिनीत कविता करी. त्याची एक प्रार्थना इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते: पाण्यात मासळी भरावी तसं माझं शहर माणसांनी भरू दे. आज वस्ती कोटीच्या घरात आहे. बसच्या पायरीवर लोंबकळताना, एका पायावर दुसऱ्याचा पाय असताना, मला त्या राजाला सांगावंसं वाटतं की जहाँपनाह, मागताना आकडा तरी घालायचा होता. आमचे पूर्वजही काही वेगळे नव्हते. 'अष्टपुत्रा' म्हणून मोकळे झाले. दोन खोल्यांच्या घरात आठ पुत्र झोपणार कुठे हा विचार नाही.

भाच्याच्या जाण्याचा दिवस आला. तो चिलकूरच्या बालाजीला व्हिसासाठी आधी 11 प्रदक्षिणा आणि व्हिसा मिळाल्यावर 108 घालून आला होता, त्यामुळे आमच्यापर्यंत पोचला तो लंगडतच. बहिणीने औक्षण केलं, हातावर दही ठेवलं. शेजारच्या खाला आल्या. त्यांनी त्याच्या उजव्या दंडाला इमाम झामिन बांधला: रेशमी कापडात गुंडाळलेलं पाच रुपयांचं नाणं. प्रवाशाचा जामीन इमाम रझांनी घ्यायचा आणि सुखरूप पोचल्यावर ते नाणं गरजवंताला द्यायचं. "पहुंचते ही खैरात कर देना बेटा, भूलना नक्को," त्यांनी बजावलं. मग त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आमची आई दृष्ट काढताना नेमकी अशीच बोटं मोडी.

शेवटी तो माझ्यापुढे वाकला. 'असू दे' ओठांवर आलंच होतं. ते गिळून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघालं, "चल्लगा उंडु."

सगळे एकदम गप्प. भाचा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "मामा, मिनिआपोलिसला चाललोय. जानेवारीत उणे वीस असतं तिथे."

तो सुखरूप पोचला. थंडीही भरपूर मिळाली. माझा पहिलाच आशीर्वाद असा शंभर टक्के फळला. नाणं मात्र अजून त्याच्याकडेच आहे, मोज्यांच्या खणात. खाला दर जुम्म्याला विचारतात, दिलं का? त्याचं म्हणणं, इथे पाच रुपये घेणार कोण? तेव्हा तिकडे तुमच्या ओळखीत कोणी पाच रुपयांचा गरजवंत असेल, तर कृपा करून कळवा.