फक्त एक शब्द टाका

नोकरीच्या शोधाची सुरुवात अर्जापासून करायची नसते, हे आधी लक्षात घ्या. अर्ज सगळेच करतात. आमच्या पाथरीत सुरुवात होते ती घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांपासून. आपल्याकडची पत्रिका उघडली की वधूवर कुठेतरी कोपऱ्यात, आणि उरलेलं पान माणसांनी गच्च भरलेलं: साहेब, दादा, सभापती, माजी सभापती, भावी सभापती. ही तुमची शिदोरी. पत्रिका रद्दीत घालू नका. कोणत्या पाहुण्याचं नाव कुणाच्या नावाशेजारी छापलंय यावरून निम्मी माहिती मिळते.

पहिली पायरी म्हणजे नातं काढणं. यात आपल्या भागाला शिकवण्यासारखं काही नाही. परभणीला एसटीत शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसं मानवत येईपर्यंत एकमेकांची पाहुणे निघतात. मामाचा साडू, त्याची सोयरीक सेलूत, तिथला जावई साहेबांच्या गाडीत बसणारा. झालं. मात्र नवशिक्यांनी एक गोष्ट नीट पारखावी: माणूस साहेबांपासून जितका लांब, तितका त्याचा शब्द ठाम. खुद्द साहेब म्हणतात, “बघू.” त्यांचा पीए म्हणतो, “सांगून ठेवतो.” आणि पीएच्या ओळखीचा जो बसस्थानकासमोर चहाच्या गाड्यावर भेटतो, तो म्हणतो, “झालंच समजा.”

ही भाषा आली पाहिजे. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बायोडाटा ठेवून जा’ म्हणजेही नाही, पण चहा पिऊन. ‘वरून बोलणं झालंय’ म्हणजे कुणीही कुणाशी बोललेलं नाही. आणि ‘आपलंच पोरगं हाय’ हे ऐकलं की घरी जाऊन अभ्यासाला लागावं.

कुणी या विद्येला नवी खोड म्हणालं, तर त्याला पाथरीचा इतिहास सांगा. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला आहे. पुढे बुऱ्हाण निजामशहा गादीवर असताना पाथरीचे हे कुलकर्णी नातलग नगरला त्याच्याकडे गेले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बुऱ्हाणने आधी रीतीने विचारलं, की पाथरी द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला. तेव्हा १५१८ साली बुऱ्हाणने फौज आणून पाथरी घेतली. पुढे हे गाव त्या नातलगांना इनाम मिळालं, असंही फिरिश्ताच सांगतो. नातेवाइकांच्या शब्दाखातर तोफा निघाल्या होत्या हो. तुमच्या मामाकडून जिल्हा परिषदेत एक फोन होत नाही.

दुसरी पायरी पुराव्याची. ‘ते आमच्या जवळचे’ हे तुम्ही म्हणून भागत नाही, त्यांनी म्हणावं लागतं. साईबाबांचा जन्म पाथरीचा, अशी आपल्या गावची श्रद्धा. जन्मस्थान मंदिरही आहे. पण जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी या जन्मस्थानाच्या विकासासाठी शंभर कोटींची भाषा केली, आणि ते जन्मस्थानच मान्य नाही म्हणून १९ तारखेला शिर्डीने बंद पाळला. साक्षात बाबांच्या बाबतीत पाथरीकराला ओळख सिद्ध करावी लागते. तुम्ही तर मामाच्या साडूच्या भरवशावर निघालाय.

तिसरी पायरी महत्त्वाची नाही. नवा शर्ट घाला, एवढंच.

आता वशिला कुठे लावायचा नाही, ते. सरकारी परीक्षेला लावू नका, पैसे वाया जातात. तलाठी भरतीच्या २०२३ च्या जाहिरातीत जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा संगणकावर, मुलाखत नाहीच. केंद्राने तर जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंदच केल्या. संस्थेच्या अनुदानित शाळेतही शिक्षकाची वाट आता अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमधून जाते. तरीही ‘आतून सेटिंग हाय’ म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणारच. त्याच्या धंद्याचं गणित समजून घ्या, कारण इतकं निर्धोक गणित शेतीत नाही. तो दहा पोरांकडून पैसे घेतो आणि काहीही करत नाही. दहातली दोन पोरं आपल्या अभ्यासावर लागतात. त्या दोघांचे पैसे तो ठेवून घेतो, वर पेढेही खातो. उरलेल्या आठांचे हळूहळू, हप्त्याने, हात जोडत परत करतो, आणि तरी त्याचं नाव होतं: ‘माणूस इमानदार, काम नाही झालं तर पैसे बुडवत नाही.’ लागलेली दोघं जन्मभर समजत राहतात की आपण त्याच्यामुळे लागलो.

खाजगीत आणि कंत्राटी जागांवर मात्र शब्द चालतो. तिथे किंमत काय पडते, ती नवशिक्यांना कुणी सांगत नाही. शब्द टाकायला सांगितलात त्या दिवशी तुम्हाला एक नोकरी लागते, ती शब्द टाकणाऱ्याकडे. दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यात खालच्या ओळीत तुमचा तिकिटाएवढा फोटो येतो, आणि त्याची वर्गणी तुमची. सभेला टेम्पोत बसायचं. मामांच्या तुरीची रास असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जायचं, आणि मामी म्हणणार, “बसलाच तर व्हतास घरी.” पगार नाही, सुट्टी नाही, राजीनामा कुणाकडे द्यायचा तेही ठाऊक नाही. मी स्वतः हे काम अडीच वर्षं केलं. मला सांगितलेली जागा त्या अडीच वर्षांत निघालीच नाही. माझ्या वडिलांनी मात्र अजून त्या घरच्या प्रत्येक लग्नाला भांड्यांचा आहेर नेणं सोडलेलं नाही, म्हणतात, “शब्द तर टाकला व्हता ना त्यांनी.”

मला नोकरी लागली ती पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये. माजलगावच्या पुढे गाडी पंक्चर झाली. रस्त्यावर उभ्या एका अनोळखी माणसाने विचारलं, काय करायलास सध्या? मी सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे चाकणला स्टोअरला माणूस पाहिजे, एक्सेल येतं का? बस्स. त्याचं आडनाव मला सहा महिन्यांनी कळलं, आणि नातं तर अजून निघालेलं नाही.

हे माझंच नशीब, असं मी समजत होतो. पण मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना हेच विचारलं होतं, आणि १९७३ साली त्याचा निबंध छापून आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. २८ टक्के क्वचितच. बाकीचे अधूनमधून. कारण साधं आहे: मामाला जे ठाऊक, ते तुम्हालाही ठाऊक असतं, दोघांच्याही कानावर पाथरीतलंच येतं. चाकणची जागा चाकणच्या माणसालाच माहीत. हे मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “त्या साहेबाचं गाव कोणतं?”

शेवटची पायरी तुमच्यावर नोकरी लागल्यानंतर येते: लोक तुमच्याकडे येतात. गेल्या दिवाळीला गावी गेलो तर दुसऱ्याच सकाळी एक काका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडाटा घेऊन हजर. मागे पोरगं, आयटीआय इलेक्ट्रिशियन. काका म्हणाले, “तुमच्या कंपनीत फक्त एक शब्द टाका.” मी पोराला विचारलं, काय काय येतं? काका म्हणाले, समदं येतं. पोराला पुन्हा विचारलं. काका म्हणाले, लई हुशार हाय. आईने चहा आणला आणि बोअरची मोटर सकाळपासून चालू होईना म्हणून तक्रारही आणली. पोरगं उठलं, स्टार्टरचं झाकण काढून बघितलं, घरातलाच स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि काकांचा साहेबांशी असलेला संबंध आजोबांपर्यंत पोचायच्या आत मोटर चालू झाली. कॉन्टॅक्ट जळाले होते, म्हणाला, घासून दिलेत, पण महिनाभरात नवे टाका.

कंपनीचा रेफरलचा फॉर्म मी तिथेच मोबाइलवर उघडला. उमेदवाराला कसे ओळखता, या रकान्यात लिहिलं: आमच्या बोअरचा स्टार्टर याने माझ्यासमोर दहा मिनिटांत दुरुस्त केला, आणि तो किती टिकेल तेही खरं सांगितलं.

काकांनी चष्मा लावून वाचलं. मग मोबाइल माझ्याकडे परत देत हळूच म्हणाले, “ते ठीक हाय. पन वर जरा साहेबांचं नाव टाकता येतं का बघा ना.”