पिंडाला कावळा शिवेना

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने लेख कोरवून घेतलाय: जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह पुरं केलं. पुरं केलं! टीव्ही वाहिनीचा फोन आला नसावा बिचाऱ्याला. नाहीतर शेजारच्या कातळात ‘लेणं २’, ‘लेणं ३’ खोदायला लावलं असतं.

आपल्या मालिकांना मात्र हे ‘पुरं करणं’ जमत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घ्या. २०१६ साली सुरुवातीलाच अण्णा नाईक गेले. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वात त्यांचा भूतकाळ उकरला, त्यांची प्रेयसी शेवंता आली. ते झकास जमलं, आणि तिथंच घात झाला. २०२१ मध्ये तिसऱ्या पर्वात अण्णा भूत होऊन हजर, आणि मध्येच नवी नटी आणून शेवंताचा चेहराच बदलला. अण्णांच्या पिंडाला कावळा शिवणार कसा? इच्छा त्यांची कुठे, टीआरपीची राहिली होती!