तात्यांची माळ आणि खारीचा पुडा

कोल्हापुरात तात्यांच्या हृदयात स्प्रिंग बसली आणि मुरगूडला परतल्यावर आठवड्याभरात त्यांच्या गळ्यात माळ आली. तांबडा बंद, पांढरा बंद. खाटकाच्या दुकानावरून जाताना नाकाला टॉवेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला एकच वाक्य ऐकवलं जाऊ लागलं: "मटणच सोडलंय म्हटल्यावर हार्टला आता निमित्तच न्हाई."

निमित्त कुठं गेलंय ते बघायला तात्यांच्या मागं एक दिवस हिंडावं. सकाळी मिसळ, वर बोटभर तवंग. "एवढा कट?" म्हटलं तर, "मटकीचा हाय रं, बोकडाचा न्हवं." चहाबरोबर खारी. गोडाचं जेवण असलं की बासुंदीच्या दोन वाट्या. रात्री कुणी ढाब्यावर नेलं तर अख्खा मसूर, पनीर मसाला आणि बटर रोटी. रोटीला बटर लावलंय की बटरला रोटी, हे अंधारात कळत नाही. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांचं दर्शन, परतीच्या वाटेवर गरम भजी. एकादशीला तुपातली साबुदाणा खिचडी, कारण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण तात्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी पाळली आहे.

घरात तेलाची पिशवीही तपासून येते. तिच्यावर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉल-मुक्त' छापलेलं लागतं. छापणारा खोटं बोलत नाही. कोलेस्टेरॉल येतं प्राण्यांच्या अन्नातून, झाडाच्या तेलात ते नसल्यातच जमा. भाकरीवर 'हाडं नाहीत' असा शिक्का मारावा, तसलाच हा प्रकार. पण संपृक्त चरबी पोटात गेली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं. ती चरबी बोकडाची होती की झाडाची, याची चौकशी यकृत करत बसत नाही. पामतेलात ती जवळपास निम्मी, तुपात निम्म्याहून जास्त, खोबरेल तेलात 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इतकी वर्षं पांढऱ्या रश्शाचा सगळा दोष एकट्या बोकडानं सोसला, त्याच रश्शातला नारळ मात्र देवापुढं फुटून पवित्र राहिला.

सगळ्यात सोवळी वस्तू म्हणजे वनस्पती तूप. पातळ तेलात निकेलच्या साक्षीनं हायड्रोजन घुसवला की तेल तुपासारखं गोठतं. 1937 साली डालडा आला तेव्हापासून आपण ते लग्नाच्या पंगतीत वाढतोय. त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटवतं, म्हणजे बोकडालाही न जमलेलं दुहेरी काम करतं. जानेवारी 2022 पासून तेला-तुपातलं ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे. पण बेकरीतल्या खारीच्या बरणीवर कसलंच लेबल नसतं, आणि भज्याच्या कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय हे त्या कढईलाच ठाऊक.

शाकाहाराला नावं ठेवायचा माझा विचार नाही. तात्यांची आई ज्वारीची भाकरी, माठाची भाजी, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी खायची, वर सोललेला कांदा. मटण म्हाईला नाहीतर पाव्हणा आला तर. तिनं माळ घातली नव्हती, आणि आपण हृदयाला चांगलं खातोय हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

परवा हे सगळं तात्यांपुढं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मटण सोडलं ते फुकट गेलं म्हण की! मग आता माळ काढू?"

काकू आतून म्हणाल्या, "माळ ऱ्हाऊ द्या. उशाखालचा पुडा काढा भाईर."

तात्यांनी माळेवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "खारीत अंडं नसतंय."