सहा भाऊ, एक सातबारा

कोल्हापुरात वाईन उघडायला मुहूर्त लागतो. भाचा पुण्याहून रविवारी आला, डिकीत रेड वाईनची बाटली घेऊन. पण रविवार जोतिबाचा. वाडी रत्नागिरीचा डोंगर चढताना गाडी वळणावर कलली, की हा मागं वळून बाटलीची चौकशी करायचा. मागं मामी बसली होती. तिची केली नाही. देवाला गुलाल-खोबरं वाहिलं, दवणा घेतला, ‘चांगभलं’ झालं. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा. बुधवारी मटण शिजलं तेव्हा कुठं बाटली कपाटावरनं खाली आली. भाच्यानं तेवढ्यासाठी रजा वाढवली होती.

“इटालियन स्टाइल आहे, तात्या.”

तात्यांनी चष्मा लावला. “माळशिरस तालुका लिवलंय की रं.”

तात्यांना त्या तालुक्यातलं अकलूज ठाऊक होतं ते उसाचं, साखर कारखान्याचं, घोडेबाजाराचं; आणि लावणी स्पर्धेचं, पण ते मामीसमोर निघालं नाही. भाच्यानं समजावलं. टस्कनीचे सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली ही वायनरी काढली. वाईन करायला टस्कनीचेच पिएरो मासी आले. बाटलीचं नाव ‘सेत्ते’. तिच्यात सांजोवेझी, म्हणजे इटलीत ज्या द्राक्षाची कियांती होते ते, आणि जोडीला कॅबर्ने सोव्हिन्यों.

तात्यांचं द्राक्षाकडं लक्षच नव्हतं. “सहा भाऊ? एका धंद्यात? आणि वाटणी न्हाई?”

आमच्याकडं दोन भाऊ आणि एक बांध एवढ्या भांडवलावर वकिलांच्या दोन पिढ्या शिकल्या. त्यामुळं इटलीची वेल सोलापूरच्या उन्हात जगली, याचं घरात कुणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. ऊस जगतो, द्राक्ष का जगू नये? सहा भाऊ जगले, हे खरं पीक.

बूच निघालं. आता ‘तिला श्वास घेऊ द्यायचा’ म्हणून सगळे ग्लासाकडं बघत बसले. चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्यांचा क्रम सांभाळणारी माणसं आम्ही. थांबण्याचं वावडं नाही. पण समोर रस्सा निवत होता. भाच्यानं ग्लास फिरवून वास घेतला. “चेरी, ओकचं लाकूड, किंचित तंबाखू...”

“तंबाखू हाय तर आधी बोलायचं न्हाई व्हय?” तात्यांनी ग्लास उचलला.

तांबड्या रश्श्याशी तिचं अजिबात जमलं नाही. तिखटानं वाईनचा तुरटपणा चढतो, वाईननं तिखट चढतं. दोघंही मागं हटेनात. सुक्या मटणाशी मात्र सोयरीक जुळली. सांजोवेझी मुळात आंबटसर, चरबी खाल्ल्यावर जिभेला हुशारी आणणारी. टस्कनीतली माणसं ती मांसाबरोबर घेतात ते उगाच नव्हे. पांढऱ्या रश्श्याशी लावून बघायचा भाच्याचा विचार होता, पण मामीनं पातेलंच उचललं.

तळाशी जेमतेम अर्धा ग्लास उरला. तात्या म्हणाले, थोरला मी. धाकटे काका म्हणाले, मटण मी आणलं. आवाज चढले, बांध निघाला, आजोबांच्या सह्या निघाल्या. भाच्यानं शेवटी खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं आणि मापून दोघांना सारखी वाटणी करून दिली.

तात्यांनी आपला ग्लास उजेडाकडं धरला. “आणि गाळ कुणाच्या नावावर चढवलास?”