वाचलंस? मग अपलोड कर!

निफाड पेपरात झळकतं ते पारा घसरला की, नाहीतर द्राक्षाचा भाव घसरला की. वास्तविक न्यायमूर्ती रानडे इथे जन्मले, 1842 साली. त्यांनी आणि लोकहितवादींनी 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांना जमवलं, तेच पहिलं साहित्य संमेलन. तालुक्यातलं शिरवाडे वणी कुसुमाग्रजांचं. म्हणजे वारसा भरपूर. आता तो पोर्टलवर चढवायचा तेवढा बाकी.

चढवतोच आहोत म्हणा. 2024 च्या महावाचन उत्सवात तिसरी ते बारावीच्या पोरांनी पुस्तक वाचायचं, त्यावर दीडशे-दोनशे शब्द लिहायचे आणि पोर्टलवर टाकायचे. सदिच्छादूत अमिताभ बच्चन. आवाज भारदस्त, पण नेट गेलं की त्यालाही काही करता येत नाही. मग गुरुजी रात्री घरी बसून चाळीस पोरांचा वाचनानंद एकट्याने अपलोड करणार.

शिवाय 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहेच, 2015 पासून. व्हरांड्यात रांगा, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, सरांचा मोबाइल सज्ज. एखादं कार्टं खरंच गोष्टीत घुसलेलं असतं, भूत आत्ता विहिरीबाहेर येणार एवढ्यात फोटो होतो आणि पुस्तकं जमा. मोजून कपाटात, कपाटाला कुलूप. कारण पुस्तक हरवलं तर जाब गुरुजींना. कोरंच राहिलं तर कुणालाच नाही.

अशी दाखवण्यापुरती वाचायची सवय लावली की गोडीचं काय होतं? 1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना सांगितलं, काढा, प्रमाणपत्र मिळेल. मिळालं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. आमच्याकडे वाचनावर हाच प्रयोग राज्यभर चालू आहे, फक्त निष्कर्ष कुणी मांडत नाही.

कुणी म्हणेल, आधी वाचता तर येऊ द्या, गोडी नंतर. 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या 23.4 टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. तेव्हा काळजी खरी आहे. पण पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधकांनी तीन वर्षं मुलांच्या मागे राहून पाहिलं, तर वर्गात भर अक्षरं घोटण्यावर, आणि गोष्टीला, अर्थाला जेमतेम जागा. एवढं घोटूनही तिसरीपर्यंत कित्येकांची अक्षरं कच्चीच. म्हणजे आधी अक्षरं, मग गोडी हे वेळापत्रक वर्गाने पाळलं, पोरांनी नाही.

गोडीचं म्हणाल, तर 2009 च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना सरळ विचारलं होतं, मजेसाठी वाचता का? श्रीमंत देशांतल्या 37 टक्के पोरांनी सांगितलं, मुळीच नाही. निदान विचारलं तरी! द्राक्षबागेत आलेला व्यापारी शुगर मीटरने मोजतो, पण आधी एक मणी तोंडात टाकतोच. आमच्या रकान्यांत ‘वाचलं’ आहे, ‘सारांश’ आहे, ‘बोध’ तर हमखास आहे. ‘बोअर झालं, अर्ध्यात सोडलं’ असा रकाना ठेवा, मग बघा पोरं कशी घडाघडा लिहितात.

पुढच्या 15 ऑक्टोबरला शिक्षण खात्याच्या साहेबांनी शाळेत यावं, फोटो राहू द्यावा, कपाट उघडायला लावावं आणि सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक कोणतं ते पाहावं. त्याच्या चार नव्या प्रती आठवड्यात पाठवाव्यात. निविदा न काढता.