सुरतेतले शेजारी

सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, अशी गुजरातीत म्हण आहे. आम्ही पहिल्या निम्म्यासाठी गेलो होतो. पण सकाळीच दोन-दोन प्लेट लोचो हाणल्यावर दुपारच्या उंधियूपर्यंत करायचं काय? मी म्हणालो, "कब्रस्तान बघू." हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रिक्षावाला नंदुरबारचा निघाला. माझं हिंदी ऐकून तो आपण होऊनच मराठीवर आला. "कतारगाम दरवाजाकडचं इंग्रजांचं कब्रस्तान" म्हटल्यावर आरशातून बघत त्याने हळूच विचारलं, "जवळचं कोणी होतं का, काका?"

फाटकाशी हिने चपला काढल्या. चूक तिची नव्हती. समोर घुमट, कमानी, खांब. एखाद्या पिराचा दर्गाच म्हणावा. हयातभर मोगलांच्या परवान्यासाठी ताटकळलेले साहेब मेल्यावर मोगली थाटात पहुडले होते. शिवाय गावात डच होते ना! जित्तेपणी कापडाच्या नि निळीच्या खरेदीत चुरस, मेल्यावर घुमटाच्या उंचीत. आमच्या सोसायटीत बाल्कनीच्या ग्रिलवरून चालतं, तसंच.

सगळ्यांत दांडगी वास्तू ऑक्सेंडन बंधूंची, उंची 40 फुटांच्या आसपास. क्रिस्टोफर 1659 मध्ये गेला, जॉर्ज 1669 मध्ये. हा जॉर्ज आपल्या ओळखीचा. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. वखार वाचली, आणि औरंगजेबाने खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. मी थडग्यासमोर जरा छाती काढून उभा राहिलो.

"ऐट पुरे," ही म्हणाली. "काल साडीवाल्याने आपल्याला लुटलं, ते विसरलात?"

तिथून डचांकडे. इथला मोठा घुमट हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याचा, मृत्यू 1691. हा कोचीनचा डच गव्हर्नर होता. मलबारातल्या झाडापाल्यावर त्याने 'होर्टुस मलबारिकुस' हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. बारा खंड ऐकून हिचे डोळे चमकले. आमच्या गॅलरीत बारा कुंड्या आहेत. मग मी ठेवणीतली माहिती काढली: या कामात इट्टी अच्युतन नावाच्या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रशस्तिपत्रक ग्रंथात छापलंय.

"मग रंगभटाचं कुठाय?"

"काय?"

"घुमट."

"अगं, भटाला जाळतात."

"तेच म्हणते मी. पाला ओळखायला आपली माणसं, आणि घुमट याला." तिने व्हान ऱ्हेडेकडे असं पाहिलं, की तो बिचारा कूस बदलतोय की काय असं मला वाटलं. मग घुमटाच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप तिने ओळखलं आणि तिचं समाधान झालं. "हे त्याच्या बारा खंडांत असेल ना? आता तेच त्याचं घर फोडणार."

रिक्षावाला थांबला होता. "भेटले का कोणी?"

"दोघं भाऊ भेटले. एकाच घुमटाखाली आहेत, साडेतीनशे वर्षं."

त्याने किक मारता मारता पाय आवरला. "एकाच? आणि कोर्टकचेरी नाही?"

"नाही."

"आमच्यात हातभर बांधावरून बारा वर्षं तारखा चालल्यात," तो म्हणाला, आणि कब्रस्तानाकडे वळून त्याने पहिल्यांदाच नीट हात जोडले.