टक हाय का ठक?

कोल्हापुरात एखाद्याच्या दारात पाऊल टाकावं आणि यजमानानं पाण्याच्या तांब्याआधी फूटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर हातात द्यावा, म्हणजे ओळखावं, बुशकाकांचं घर आलं. पुढचे सोपस्कार ठरलेले आहेत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बुलेटच्या क्रँककेसवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. डोळे न मिटणाऱ्या पाहुण्याला काका पहिल्यापासून पुन्हा उभं करतात. मग डीकॉम्प्रेसर दाबून, अ‍ॅमीटरच्या काट्यावर नजर ठेवून, पायानं अदमास घेत ते एका किकेत इंजिन चालू करतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी बाप बघतो तसे.

"ऐक नीट. टक हाय का ठक?"

टक म्हणजे टॅपेट. सिलिंडरच्या पायथ्याचं झाकण एका नटावर निघतं, इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी गरगर फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत बसवायचा, झालं. चहा निवायच्या आत आटपणारं काम. ठक म्हणजे बिग एंडचा बुश. म्हणजे इंजिन उतरवा, खोला, क्रँक उद्यमनगरात न्या, दोन्ही फ्लायव्हील सोडवा, नवं बसवा, डायल लावून शतांश मिलिमीटरपर्यंत सरळ करा. टक आणि ठक यांत मराठीत फक्त एका श्वासाचा फरक आहे. काकांच्या पेन्शनीत तो बराच मोठा आहे.

ज्या वस्तूवरून हे रामायण चाललंय ती मुठीत मावते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या साडेतीनशे बुलेटमध्ये पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. या उंच, सुस्त इंजिनाचा सगळा दणका कनेक्टिंग रॉडच्या खालच्या डोळ्यात येतो, आणि तिथे बेअरिंग नसतं, बांगडी असते. पोलादी बांगडी, आतून-बाहेरून व्हाइट मेटलचा लेप, अंगभर भोकं. ती रॉडला घट्ट नाही, पिनेलाही नाही. दोघांच्या मध्ये तेलावर तरंगत ती पिनेच्या साधारण निम्म्या वेगानं फिरत राहते. तेल पोचतंय तोवर मजेत. तेल आटलं की दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण शब्दशः खरी होते.

हा बुश इंग्लंडातल्या रेडिचहून आला. भारतीय लष्करानं बुलेट पसंत केली, १९५५ साली मद्रासेत त्या जोडायला सुरुवात झाली, पुढे १९७० मध्ये इंग्लंडातल्या मूळ कंपनीचं उत्पादन थांबलं तरी इकडे गाडी निघतच राहिली, आणि तिच्या पोटात ती तरंगती बांगडीही. काकांचा या बांगडीवर विश्वास होता. "साहेबानं विचार करूनच घातली असंल की," असं ते म्हणत. मग २००९ साली कंपनीची नवी गाडी क्लासिक आली. तिच्या नव्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आणि बिग एंडला सरळ रोलर बेअरिंग. म्हणजे टकही गेलं आणि ठकही. काकांना हे भाऊबंदकीसारखं लागलं. कंपनीनंच बुश सोडला, मग आपण कशाच्या जिवावर धरून बसायचं? तेव्हापासून त्यांचा विचार चालू आहे: रोलर घालावा का?

विचाराला त्यांनी बँकेची डायरी दिली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे बुश, उजवीकडे रोलर. 'रोलरला तेलाचा शिडकावा पुरतो, बुशला तेलाची गादी लागते.' 'बुश दणका गिळतो, रोलर बोलून दाखवतो.' 'रोलरला तेलातली घाण खपत नाही. बुशला तरी कुठं खपते?' 'पंप बुशच्या हिशेबानं केलेला. रोलर घातला तर त्याला कमी काम. पंपाला वाईट वाटेल का?' शेवटची नोंद नातीनं लिहिली असावी, असं काकू म्हणतात. अक्षर मात्र काकांचं आहे.

निर्णय न घेता खरेदी करता येते, हेही काकांनी सिद्ध केलं. एका गणपतीत ते पुण्याला गेले आणि नाना पेठेतून रोलरचा पूर्ण संच घेऊन आले. रॉड, दोन्ही टोकांना निमुळती पिन, पिंजऱ्यात बसवलेले रोलर, सगळं ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेलं. तो संच लोखंडी कपाटात काकूंच्या पैठणीशेजारी आहे. दर खंडेनवमीला बाहेर येतो, स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी पाटावर बसतो, हळदकुंकू घेतो आणि परत आत जातो. काकूंच्या पैठणीला लग्नाकार्यात अत्तर लावावं लागत नाही. तिला गेली काही वर्षं एमपी-थ्री ग्रीसचा कायमचा वास आहे.

स्क्रू-ड्रायव्हरच्या तावडीतून कोणी सुटलेलं नाही. गॅसची टाकी आणणाऱ्यानं ऐकलंय, वीज मीटरचं रीडिंग घेणाऱ्यानं ऐकलंय, मतं मागायला आलेल्या उमेदवारानं तर दोनदा ऐकलंय. पहिल्यांदा टक म्हणाला, काकांचा चेहरा बघून दुसऱ्यांदा ठक म्हणाला, आणि घरातली दोन्ही मतं गमावून गेला. काकूंचं बीपी बघायला आलेल्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप काकांनी मागून घेतला आणि पाच मिनिटांनी काळा करून परत दिला. मुलीला बघायला आलेल्या एका स्थळाचीही यातून सुटका झाली नाही. मुलगा मेकॅनिकल इंजिनियर. त्यानं मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, ठक. शंभर टक्के ठक." स्थळ मोडलं. पुढचा मुलगा बँकेतला होता. तो म्हणाला, "मला आपला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतोय." आज तो जावई आहे.

उद्यमनगरातले मेस्त्री हे एकटेच गृहस्थ स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. बोअर काढायचा, रॉड हातानं वरखाली ओढून बघायचा. आडवा डुलला तर डुलू दे, उभा हलला तर बुश गेला. दुपारभराचं काम. पण काका बोअर काढू देत नाहीत. "खोललं की ठरवाय लागतंय," मेस्त्री तंबाखू मळता मळता म्हणाले, "काकांचं दुखणं बुशात न्हाई, त्यात हाय."

आता थोडं न्यायानं बोललं पाहिजे. हा विचार करणारे काका एकटेच नाहीत. त्यांचा कॅलिफोर्नियातला पुतण्या कावासाकी केएलआर ६५० चालवतो. १९८७ पासूनच्या त्या गाडीत बॅलन्सरची साखळी ताणणारा एक छोटा लिव्हर आहे, तो तुटतो. मालकांनी त्याचं नाव ठेवलंय डूहिकी. मराठीत 'ते हे' म्हणतो तसं. २००८ मध्ये कंपनीनं तो सुधारला, तरी लोक बाहेरचा जाड लिव्हर आणून घालतातच, आणि घालावा की न घालावा यावर वर्षानुवर्षं भांडतात. पुतण्यानं हे सांगितल्यावर काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. समुद्रापार आपलं गोत आहे हे कळल्यावर माणूस असाच गप्प होत असावा. मग म्हणाले, "फोन इंजिनाजवळ धर." तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

आणि बुश मरतो तो बहुतेक मालकाच्याच हौसेनं, हेही खरं. तरुण पोरांना बुलेटचा डुगडुग आवाज हवा असतो. त्यासाठी टॉप गिअर, तिशीचा वेग आणि ज्योतिबाचा चढ. कमी फेऱ्यांवर पंप तेल हळू ढकलतो, वरून स्फोटाचा पूर्ण दणका, आणि मधली तेलाची गादी दबून पातळ होते. शोभेसाठी बुशचा बळी जातो. अशा पोरांना काका रस्त्यात हात करून थांबवतात. पोरांना वाटतं कौतुक करणार. काका खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतात.

अशाच एका पोराची गोष्ट काका कधी सांगत नाहीत, मेस्त्री सांगतात. जुनी बुलेट नुकतीच घेतलेली, दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं, मागच्या सीटवर धाकटी बहीण. काकांनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. 'टक हाय का ठक' विचारलंच नाही. हात लांब करून त्यांनीच गाडी बंद केली आणि म्हणाले, "आता किक मारायची न्हाई. ढकलत न्यायची." आणि उद्यमनगरापर्यंत त्या वयात ती स्वतः ढकलत नेली, कारण पोरगं रडायला लागलं होतं. खोलल्यावर टायमिंग कव्हरमधली कॉर्कची चकती निघाली, जिच्यातून तेल क्रँकच्या टोकात शिरतं ती, भुगा झालेली. तेलात व्हाइट मेटलचे कण, मिठाईवरच्या वर्खासारखे चमकणारे. घाटात तो बुश पकडला असता. मेस्त्री म्हणतात, दुसऱ्याच्या इंजिनाचा निकाल काका एका मिनिटात लावायचे, आणि तो चुकलेला त्यांनी पाहिला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी काका एक नवीन गोष्ट सांगू लागले. टॅपेट एकदम मऊ झालेत, म्हणे. आवाजच नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं, सुटलो. पण गाडी चालू झाली की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानवाल्यालाही टॅपेटचा खडखडाट ऐकू येई. काका मात्र समाधानानं मान हलवत. त्याच सुमारास स्क्रू-ड्रायव्हरचा जाचही वाढला. आधी पाहुण्यांना मिळायचा, आता रस्त्यानं जाणाऱ्यांना मिळू लागला. एकाला दोनदा, तिघांना एकापाठोपाठ. उत्तर मिळालं की काका ते डायरीत तारखेसह लिहून ठेवत. पूर्वी ते उत्तरावर वाद घालायचे. आता घालत नव्हते.

हे मुलीच्या लक्षात आलं, तेही फोनवर. बाबा 'पसारा'ला 'तसाच का' असं उत्तर देत होते. तिनं माहेरी येऊन त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डाव्या बाजूला जाड्या आवाजांपाशी रेघ बरी होती, उजवीकडे बारीक आवाजांकडे जाताना पन्हाळ्याच्या उतारासारखी खाली. काकांनी तो इंजिनाचा नकाशा बघावा तसा बघितला आणि उजव्या टोकावर बोट ठेवलं.

"ही टकची बाजू."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मुलीला कळलं. परतताना रिक्षात ती बाबांचा हात धरून बसली होती, असं तिनंच काकूंना सांगितलं. काका म्हणे सबंध रस्ता रिक्षाचं इंजिन ऐकायचा प्रयत्न करत होते.

कानाचं यंत्र आलं. पहिल्या सकाळी काकांनी आंघोळ केली, यंत्र लावलं, बुलेटपुढे बसले, काकूंना बाहेर बोलावलं. टोक क्रँककेसवर, मूठ कानाला. तशी यंत्रातून कर्कश शिट्टी निघाली. कानावर काही झाकलं की ही यंत्रं शिटी मारतात. आपलाच आवाज परत त्यांच्या माइकात शिरतो. काकांनी मूठ दूर केली, शिट्टी थांबली. जवळ आणली, पुन्हा सुरू. यंत्र काढलं तर टक नाही, लावलं तर कुईंऽऽ. त्या रात्री डायरीत रेघ मारून तिसरा रकाना पाडला गेला.

दुसऱ्या दिवशी काकू स्वयंपाकघरात खोबऱ्याची चटणी वाटत होत्या. काका दारात येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांना मिक्सर ऐकू येत होता, बारीक, चिरका, सगळा. ते थोडा वेळ मान कलती करून उभे राहिले.

"अगं, भांड्याचा बुश गेलाय."

काकूंनी बटण बंद केलं. वळून बघितलं नाही. झाकण काढून चमच्यानं चटणी खाली ढकलली आणि म्हणाल्या, "व्हय? टक हाय का ठक?"

काका स्क्रू-ड्रायव्हर आणायला बाहेर गेले.